मोंढ्यातला विमा : काही रूढ समजुती

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात एखाद्या डाळमिलच्या मालकाकडे विम्याची चौकशी करावी, तर ‘तो बँकेने उतरवला आहे’ हे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. आणि या उत्तरातील समाधान जितके निःशंक, तितकाच त्यामागील गैरसमज खोल असतो. तारण मालाचा विमा बँक उतरवून घेते हे खरे. परंतु तिची नजर आपल्या येणे रकमेवर असते, आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची व पुढे तुरीची आवक होऊन गोदामे शिगोशीग भरली, म्हणून विम्याची रक्कम आपोआप वाढत नाही. ४० लाखांच्या मालावर २० लाखांचाच विमा असताना आगीत १० लाखांचे नुकसान झाले, तर ते मर्यादेच्या आत असल्यामुळे पूर्ण भरून मिळेल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. वस्तुतः निम्मी जोखीम मालकाने स्वतःच पत्करली असे गृहीत धरून ५ लाखच मंजूर होतात, आणि त्यांवरही पहिला हक्क बहुधा बँकेचाच असतो. १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत, जी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे, १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते, निम्म्याची नव्हे. तेव्हा विम्याची रक्कम कर्जाच्या मर्यादेवरून न ठरवता, वर्षातील सर्वांत भरलेल्या महिन्याच्या साठ्यावरून ठरवावी, हेच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे.

भूकंपासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो ही समजूत जुन्या अग्निविम्यापुरती खरी होती. नव्या पॉलिसीत भूकंप आणि पूर दोन्ही अंतर्भूत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली तेव्हा तत्कालीन भूकंप-नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, हे ज्यांना हा अंतर्भाव निरर्थक वाटतो त्यांनी ध्यानी घ्यावे. नांदेडकरांना गोदावरीविषयी निराळे सांगणे नलगे.

चोरीचे मात्र तसे नाही. विमा उतरलेल्या दुर्घटनेनंतरच्या सात दिवसांतील चोरी सोडल्यास ती या पॉलिसीत येत नाही, आणि घरफोडीचा स्वतंत्र विमा घेतला तरी त्याच्या शर्ती शब्दशः वाचाव्या लागतात : हरचंद राय चंदन लाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, पॉलिसीत बळजबरीच्या प्रवेशाची शर्त असेल तर तिच्याविना झालेल्या चोरीची भरपाई देय नाही, असा निर्णय दिला. मुनीमाने किंवा नोकराने केलेल्या अफरातफरीसाठी पुन्हा निराळा विमा.

एजंटाने होकार दिला की जोखीम सुरू झाली, हाही भ्रमच. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमान्वये हप्ता जमा झाल्याविना कंपनी बांधली जात नाही. आणि दावा नामंजूर झाला म्हणजे थेट कोर्टकचेरीच, असेही नव्हे : सूक्ष्म उद्योगाच्या मालकाने प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे, तेथे वकील लागत नाही, शुल्कही नाही.