चार बोटं वर

डेट्रॉइटच्या उपनगरांत मोटारींच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं राहतात, आणि त्यातली बरीचशी निवृत्तीनंतरही घरच्या गॅरेजात गाड्या उघडून बसलेली असतात. माझा मावसभाऊ, आमचा दादा, त्यातलाच. खाली सरपटत जाऊन काम करणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हा त्याने घरीच दोन खांबांची लिफ्ट बसवली. तिथे त्याच्या हाताखाली काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. गाडी पुरुषभर उंच गेल्यावर आपण तिच्याकडे घाबरून बघतो, पण तिचं नशीब त्याआधीच, चाकं जमिनीवरून चार बोटं उचलली जाईपर्यंत ठरलेलं असतं.

खरं तर त्याही आधी, कोब्यात ठरलेलं असतं. अशा लिफ्टसाठी बहुतेक कंपन्या किमान चार इंच जाड आणि 3,000 पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागतात. दादाने खरेदीआधी कोब्यात एक भोक पाडलं, त्यात आकडा केलेली तार सोडून खालच्या कडेला अडकवली आणि जाडी मोजली. ती साडेतीन इंच निघाली. मग खांबांच्या जागी कोबा चौकोनी कापला, फूटभर खोल खणून, सळया घालून नवं काँक्रीट ओतलं आणि 28 दिवस तिथे काहीही ठेवलं नाही. लिफ्टची खोकी तोवर भिंतीशी पडून होती. ही वाट बघणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण गाडीचा भार खांबावर सरळ खाली येत नाही. तो खांबांच्या आतल्या बाजूला, लिफ्टच्या आडव्या हातांवर पेललेला असतो. त्यामुळे खांब आत झुकू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट काँक्रीटमधून उपसून निघू पाहतात. पातळ कोब्यात ते निघतातही. काही घरांच्या कोब्यात ताणलेल्या पोलादी तारा असतात. तिथे तर ड्रिल लावणंच धोक्याचं, कारण तार तुटली तर ती केवढ्या जोराने सुटेल याचा नेम नाही.

खांब ओळंब्यात आणण्यासाठी तळाशी पोलादी पट्ट्या सरकवल्या, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, आणि काही दिवस वापरल्यावर पुन्हा आवळले. छताचं गणितही आधीच केलं होतं. गॅरेजचं छत दहा फुटांवर आहे आणि वहिनींची एसयूव्ही जवळजवळ सहा फूट उंच, म्हणजे चाकं चार फुटांच्या आतच थांबवायला हवीत. त्या उंचीची लाल खूण खांबावर आहे. गॅरेजचं दार उघडलं की छताखाली आडवं सरकतं, म्हणून गाडी वर असताना दाराच्या मोटरचा प्लग काढून ठेवायचा. नाहीतर बाहेरून घरचंच कोणी रिमोट दाबतं आणि दार येऊन गाडीच्या टपावर आदळतं. आणि दार बंद, म्हणजे इंजिन सुरू करायचं नाही. बंद जागेत धुराने जीव जातो.

मोटार उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट 1925 मध्ये मेम्फिसच्या पीटर लुनाटी यांनी बनवली. ती त्यांना न्हाव्याच्या खुर्चीवरून सुचली, असं सांगतात. त्या लिफ्टमध्ये गाडीखाली मधोमध एकच दांडा होता. दोन खांबांच्या लिफ्टने गाडीचं पोट मोकळं केलं, पण गाडी चार रबरी पॅडवर आणून ठेवली. ते चार पॅड नेमके कुठे टेकतात, यावर सगळं अवलंबून आहे.

दादा गाडी आत घेतो आणि आधी मॅन्युअल उघडतो. कंपनीने दाखवलेल्या जागा सोडून दुसरीकडे पॅड लावायचा नाही. इंजिन पुढे असलेल्या गाडीचा भार पुढे जास्त असतो, म्हणून गाडी कुठे उभी करायची हे तिची लांबी निम्मी करून ठरत नाही, वजनाचा मध्य शोधावा लागतो. लिफ्टची क्षमता 9,000 पौंड, म्हणजे चार हजार किलोंच्या आसपास. दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला ती भरपूर वाटते. पण एकेका हाताची क्षमता तिच्या चौथाई असते, आणि गाडी वेडीवाकडी उभी राहिली तर एकाच हातावर भलताच भार येतो.

मिशिगनमध्ये आणखी एक शत्रू आहे, मीठ. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटून पत्रा खातं. दाराखालच्या ज्या शिवणीला पॅड लावायचा, ती वरून रंगवलेली, धडधाकट दिसते आणि आतून पापुद्रे सुटलेली असते. दादा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती शिवण ठोकत जातो. आवाज भरीव आला तर पुढे, बद्द आला तर टोकाने खरवडून बघायचं. शेजाऱ्याची जुनी पिकअप त्याने अशीच ठोकून पाहिली आणि लिफ्टवर न घेताच परत पाठवली.

पॅड टेकले की तो बटण सोडतो, चारही पॅड वाकून बघतो, हात फिरू नयेत म्हणून असलेल्या खुंट्या बसल्या आहेत का ते प्रत्येक हात ढकलून तपासतो. मग गाडी चार बोटं वर घेतो आणि थांबतो. "आता हलव. जोरात हलव," तो मला सांगतो. "पडायची असेल तर आत्ताच पडू दे." मी बंपर धरून गाडी हिसडतो. एकदा मागचा डावा पॅड जरासा सरकला. दादाने गाडी खाली घेतली आणि सगळं पहिल्यापासून लावलं.

वर जाताना दोन्ही खांबांतून लॉकची खटखट ऐकू यायला हवी, म्हणून तेव्हा रेडिओ बंद. हव्या उंचीवर पोचल्यावर तो गाडी जराशी खाली सोडून लॉकवर बसवतो. तेलाच्या दाबावर तोललेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही. सील केव्हा गळेल सांगता येत नाही, लॉक मात्र पोलादाचं. इंजिन किंवा मागचा अॅक्सल उतरवायचा असेल तर वजनाचा मध्य सरकतो आणि दुसरं टोक जड होतं. त्या टोकाखाली आधीच उंच स्टँड लावायचा, आणि गाडी उतरवण्यापूर्वी तो आठवणीने काढायचा. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अवजारांची पेटी ठेवायला दादा देत नाही. गाडी कलंडू लागली तर तिला धरायला जायचं नाही, पळायचं. पळायची वाट त्यासाठी मोकळी हवी.

वर्कशॉपमधल्या लिफ्ट दरवर्षी तपासून घ्यायची पद्धत आहे. घरच्या लिफ्टसाठी तपासनीस आपणच बोलवावा लागतो. दादा बोलावतो. गेल्या खेपेला एका पॅडच्या रबराला तडा सापडला. नवे चार मागवले आहेत, आणि ते येईपर्यंत लिफ्टचा मेन स्विच बंद आहे.