बदामची खाज

गिनीपिग हा प्राणी तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. उंदरापेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, गोल अंगाचा आणि बिनशेपटीचा असा हा प्राणी आहे. त्याचे नाव मात्र फसवे आहे. 'पिग' म्हणजे डुक्कर, पण हा डुक्कर नाही. गिनी हा देश आफ्रिकेत आहे, पण हा तिथलाही नाही. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आहे. पेरू आणि बोलिव्हिया या देशांतील लोक हजारो वर्षांपासून त्याला पाळत आले आहेत. ते त्याला 'कुय' म्हणतात. सोळाव्या शतकात जहाजांतून तो युरोपात गेला आणि तेथून जगभर पसरला. आज आपल्याकडील शहरांतही मुले त्याला हौसेने पाळतात.

आमच्या गल्लीतील एका मुलीकडे असा एक गिनीपिग आहे. ती आठवीत शिकते. त्याचा रंग बदामी आहे, म्हणून तिने त्याचे नाव 'बदाम' ठेवले. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती माझ्याकडे धावत आली.

"सर, बदाम रात्रभर अंग खाजवतो. त्याचे केस गळतात. त्याला उवा झाल्या आहेत. दादी म्हणते, रॉकेल लावा. लावू का?"

"मुळीच नको," मी म्हणालो. "आधी उवा आहेत का ते पाहू."

रॉकेल का नको, ते आधी सांगतो. गिनीपिग मांजरासारखा स्वतःचे अंग चाटतो. अंगाला जे लावाल, ते त्याच्या पोटात जाते. शिवाय रॉकेलने कातडी भाजते. फिनेल, झुरळांची पावडर, कुत्र्याच्या गोचिडांचे औषध, यांतील कोणतीही वस्तू त्याच्या अंगाला लावू नये. पूर्वी घरोघरी मुलांच्या डोक्याला रॉकेल लावीत. म्हणून दादीला ते सुचले, यात तिची चूक नाही. पण एक किलोही वजन नसलेल्या प्राण्याचा त्यात जीव जाऊ शकतो.

आता उवांविषयी. उर्दूत आपण जिला 'जूँ' म्हणतो, तिला मराठीत 'ऊ' म्हणतात. एक असली तर ऊ, अनेक असल्या तर उवा. तिच्या अंड्याला 'लीख' म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. गिनीपिगच्या अंगावरची ऊ आपल्या डोक्यातल्या उवेपेक्षा वेगळ्या जातीची असते. ती फिकट पिवळसर आणि लांबट असून साधारण एक ते दीड मिलिमीटर लांब असते. तिचा सारा जन्म गिनीपिगच्या केसांतच जातो. माणसाच्या अंगावर ती जगत नाही. तेव्हा गिनीपिगमुळे आपल्या डोक्यात उवा होतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट आपल्या उवाही त्याला होत नाहीत.

ऊ डोळ्यांनी दिसते, ही एक सोयीची गोष्ट आहे. आम्ही बदामला खिडकीजवळ उजेडात घेतले. खाली काळे कापड अंथरले आणि बारीक दातांच्या फणीने त्याचे केस विंचरले. कापडावर पांढरे कण पडले. मुलगी ओरडली, "पाहा सर, उवा!" पण ते कण हलत नव्हते. ऊ असती, तर ती चालली असती. मग त्या लिखा असतील का? लीख केसाला डिंकासारखी चिकटलेली असते. फुंकर मारली तरी ती हलत नाही, नखाने ओढावी लागते. आमचे कण फुंकरीसरशी उडाले. तो नुसता कोंडा होता.

मग तिने बदामच्या कानामागची टक्कल पडलेली जागा दाखवली. मला हसू आले. प्रत्येक गिनीपिगच्या दोन्ही कानांमागे थोडी जागा जन्मापासूनच बिनकेसांची असते. तो रोग नव्हे. मात्र त्याला उलटा धरल्यावर माझे हसू मावळले. मांडीच्या आतल्या बाजूला आणि पाठीवर केस गेले होते. तिथे जाड, पिवळसर खपली धरली होती. नखांनी ओरखडे काढून त्याने जखमा केल्या होत्या. मी खपलीला हलकेच बोट लावले, तोच बदाम वेडावाकडा झाला. त्याने मान मागे टाकली आणि पाय झाडू लागला. फीट आल्यासारखे दिसत होते. मुलगी रडू लागली.

आता घरी बसून चालणार नव्हते. खोक्यात टॉवेल अंथरून आम्ही त्याला पशुवैद्यांकडे नेले.

डॉक्टरबाईंनी त्याला हळूच धरले. बोथट पात्याने खपलीच्या कडेची थोडी कातडी खरवडली. ती काचेच्या पट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग मुलीला म्हणाल्या, "ये, तूही पाहा."

तिने पाहिले. एक गोल, आखूड पायांचा जीव तेलात हळूहळू हलत होता. बदामच्या खाजेचे कारण तो होता.

या जिवाला माइट म्हणतात. ऊ हा कीटक आहे, तिला सहा पाय असतात. माइटला आठ पाय असतात. तो कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. शेतकरी पिकांवरच्या अशाच बारीक किडीला 'लाल कोळी' म्हणतात. माणसाला होणारी खरूज, म्हणजे खारिश, हीदेखील एका माइटमुळेच होते. गिनीपिगला खरूज आणणाऱ्या माइटचे शास्त्रीय नाव ट्रिक्साकेरस केव्हिए असे आहे. शास्त्रज्ञांनी त्याचे पहिले वर्णन १९७२ साली केले. हजारो वर्षे पाळलेल्या प्राण्याच्या अंगातला हा रोगी जीव इतक्या उशिरा ओळखला गेला, याचे मला नवल वाटते. पण तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तो कातडीत बोगदे खणतो, आत राहतो आणि तिथेच अंडी घालतो. केसांवर राहणारा माइटही असतो, पण तो सहसा एवढा त्रास देत नाही. खणणारा माइट मात्र असा त्रास देतो की प्राणी खाणे सोडतो. खाजेने त्याला झटके येतात आणि उपचार झाले नाहीत तर तो मरूही शकतो.

"आपण काळे कापड अंथरले, तरी हा का दिसला नाही, ते आता कळले ना?" मी तिला विचारले. तिने डोळे पुसत मान हलवली.

आता औषधाकडे वळू. त्याचे नाव आयव्हरमेक्टिन. त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत जपानचे शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातील जीवाणू तपासत होते. समुद्राजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीत त्यांना एक नवा जीवाणू सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्या जीवाणूपासून मिळणाऱ्या द्रव्याचा अभ्यास केला. त्यातून हे औषध तयार झाले. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले. पुढे नदीकाठच्या गावांतील लोकांना आंधळे करणाऱ्या एका रोगावरही ते गुणकारी ठरले. या कामासाठी दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे औषध किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करते. किडे लुळे पडतात आणि मरतात. योग्य प्रमाणात दिले, तर प्राण्याच्या मेंदूपर्यंत ते फारसे पोहोचत नाही.

'योग्य प्रमाणात' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. डॉक्टरबाईंनी आधी बदामचे वजन केले. ते ८०० ग्रॅम भरले. त्यांनी एक किलो वजनाला ०.४ मिलिग्रॅम असे प्रमाण धरले. म्हणजे बदामला ०.३२ मिलिग्रॅम औषध हवे. गाई-म्हशींसाठी मिळणाऱ्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते. आता तुम्हीच गणित करा. ०.३२ भागिले १० म्हणजे ०.०३२ मिलिलिटर. पाण्याचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे त्या बाटलीतला एक थेंबसुद्धा बदामला जास्त झाला असता! म्हणून डॉक्टर असे औषध पातळ करून आणि मोजून देतात. दुकानातून बाटली आणून घरी अंदाजाने पाजणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हे गणित कोणी शिकवलेले नसते.

त्या दिवशी बदामला औषध मिळाले. झटके थांबावेत म्हणून शांत करणारे औषधही मिळाले. त्याची नखे कापली. गिनीपिगच्या पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्या पायांना तीन-तीन बोटे असतात. खाजवतो तो मागच्या पायांनी, म्हणून ती नखे अधिक जपून कापावी लागतात. डॉक्टरबाईंनी बजावले, "दर दहा-बारा दिवसांनी आणा. निदान तीनदा औषध द्यायचे आहे."

घरी परतताना मुलीने विचारले, "एकदाच भरपूर दिले तर?"

प्रश्न चांगला होता. औषधाने जिवंत माइट मरतात, पण अंड्यांवर त्याचा तेवढा परिणाम होत नाही. काही दिवसांनी अंडी फुटतात आणि नवे माइट बाहेर येतात. ते मोठे होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी दुसरी मात्रा द्यावी लागते. उवांचेही असेच असते. उवा मारल्या तरी लिखा उरतात, त्यातून आठवडाभरात पिल्ले निघतात. उवांसाठीचे औषध बहुधा मानेमागच्या कातडीवर थेंबाने सोडतात. पण तेही पुन्हा द्यावे लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली की पुष्कळ लोक दवाखान्यात जायचे सोडतात. मग महिन्याने रोग परत येतो आणि दोष औषधाला मिळतो.

मधल्या काळात एक नवीच काळजी निघाली. मुलीच्या मनगटावर लाल पुरळ उठले. तिची अम्मी घाबरली. "याला आता कोणाला तरी देऊन टाका," म्हणाली. हा माइट माणसाला चावू शकतो, हे खरे आहे. पण माणसाच्या कातडीत त्याचा वंश वाढत नाही. प्राणी बरा झाला की हे पुरळही जाते. अम्मीने तरी तिला डॉक्टरांकडे नेले, आणि ते योग्यच केले. बदाम घरातच राहिला. त्याला उचलताना मुलगी जुन्या सदऱ्याच्या बाह्या हातावर ओढून घेई आणि नंतर साबणाने हात धुई.

पिंजऱ्याची सफाई हे मोठेच काम होते. जुने गवत आणि कागद पिशवीत बांधून फेकले. पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवला. लाकडी खोके टाकून पुठ्ठ्याचे नवे आणले, कारण लाकडाच्या फटी साफ होत नाहीत. बदामला मात्र आंघोळ घातली नाही. थंडीत ओला गिनीपिग लवकर आजारी पडतो.

डॉक्टरबाईंनी त्याच्या खाण्याविषयीही विचारले होते. बदामला रोज कोरडे दाणे आणि काकडी मिळत होती. गिनीपिग आपल्यासारखाच शरीरात क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. हे १९०७ मध्ये नॉर्वेतील दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगातून पुढे आले. त्यांनी गिनीपिगना नुसते धान्य दिले आणि त्यांना स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्व कमी पडले की अंगाची ताकद घटते. मग अंगात थोडे माइट लपून असतील, तर त्यांचे फावते. म्हणून आता बदामला भरपूर वाळले गवत, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि अधूनमधून पेरूची लहान फोड मिळते. पेरू म्हणजे आपले अमरूद. पेरू देशाचा प्राणी पेरू खातो, याची मुलीला फार गंमत वाटते.

दुसऱ्या मात्रेनंतर खपल्या गळल्या. तिसऱ्या मात्रेपर्यंत मांडीवर मऊ केस दिसू लागले. वजन ८५० ग्रॅम झाले. मुलीने वहीत तारखा आणि वजने लिहून ठेवली आहेत. ती वही मला अधूनमधून दाखवते.

बदाम एकटा असतो, म्हणून तिच्या अब्बांनी परवा दुसरा गिनीपिग आणला. काळा-पांढरा आहे. तिने त्याला लगेच बदामजवळ सोडले नाही. तीन आठवडे तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या खोक्यात राहणार आहे. रोज संध्याकाळी खिडकीशी काळे कापड अंथरून ती त्याचे केस विंचरते आणि कापडावर काही चालते का, ते पाहते. काल तिला एक ऊ सापडली. सकाळी ती खोके घेऊन दवाखान्यात गेली आहे.