अष्टमी कुणाला दिली?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं की मंचर, कळंब मागे टाकून मीना नदीकाठचं नारायणगाव येतं. एरवी या गावाचं नाव टोमॅटोच्या बाजारासाठी घेतलं जातं. चैत्राच्या तोंडावर मात्र इथे दुसराच बाजार भरतो. गावोगावच्या यात्रांसाठी तमाशा ठरवायला पंच इथे येतात आणि त्यांच्यासाठी बांबू, कनाती ठोकून तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. दारावर फडमालकाचं नाव आणि कलावंतांच्या फोटोंचा फलक, आत गादी-लोड, पाण्याचा माठ आणि मॅनेजरच्या मांडीवर वही.

या वहीत खरी मेख आहे. इथे तमाशाइतकाच भाव तिथीला असतो. ग्रामदैवताची यात्रा गावाला पुढेमागे करता येत नाही आणि फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. चैत्र पौर्णिमा किंवा भैरवनाथाच्या यात्रांची वद्य अष्टमी, या रात्रींसाठी गावंच्या गावं धावतात. त्याच फडाची सुपारी, म्हणजे खेळाची ठरलेली रक्कम, चार दिवसांनी बरीच उतरते. जीपमधून उतरलेली पंचमंडळी आधी दोन-तीन राहुट्या नुसत्याच फिरून येतात. मग घासाघीस. ‘‘पाव्हणं, अष्टमी गेली, दशमी देतो,’’ म्हटलं की पंचांचे चेहरे पडतात. दशमीला काय देव बसवायचा? पट्टी काढून घरटी जमवलेली वर्गणी खिशात असते आणि गावात जाऊन तोंड दाखवायचं असतं. अखेर आकडा ठरतो, विसार दिला जातो, वहीतली तारीख भरते.

फडमालकाची गणितंही सोपी नाहीत. दसऱ्याला हंगाम सुरू होण्याआधीच कलावंतांना उचल द्यावी लागते. तिकिटावरच्या तंबूच्या खेळात गल्ला भरेलच असं नाही. त्यामुळे वर्षाची तोंडमिळवणी या सुपाऱ्यांवरच. 2020 च्या चैत्रात टाळेबंदीने यात्राच बंद पडल्या, तेव्हा फडांच्या तोंडचा घास गेला.

हे सगळं नारायणगावातच का, याला विठाबाईंचं नाव पुरेसं आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घरातल्या या कलावतीला राष्ट्रपती पदक मिळालं, 2002 मध्ये त्या गेल्या आणि राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव आज त्यांच्याच नावाने दिला जातो. तमाशाची पंढरी म्हणतात ती उगाच नाही. वारकरी इथले जीपने येतात, एवढाच फरक.

चहा होतो, पावती घडी करून खिशात जाते. पायात चपला सरकवताना एखादा म्हातारा वळून विचारतो, ‘‘आन् वग कुठला लावणार?’’