घरात आलेलं ऑफिस

मार्च २०२०च्या आधी घरून काम म्हणजे आयटीवाल्यांना अधूनमधून मिळणारी सवलत. कॉल सेंटरवाल्यांना तीही सहज मिळत नसे, कारण घरून फोन घेऊ द्यायचे तर कंपनीला दूरसंचार विभागाच्या अटी पाळाव्या लागत, अनामत ठेवावी लागे. कोरोनाच्या साथीमुळे १३ मार्चला त्या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या, २५ तारखेला देश बंद झाला आणि हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली ऑफिसं लोकांच्या बेडरूममध्ये आणि डायनिंग टेबलांवर येऊन बसली. तेव्हा वाटलं होतं, हे आता कायमचं. टीसीएसने तर २०२५पर्यंत एका वेळी फक्त पाव कर्मचारी ऑफिसात लागतील असं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात २०२३च्या ऑक्टोबरात याच कंपनीने बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं.

मधल्या काळात जे मिळालं, ते थोडं नव्हतं. वाकड-हिंजवडीच्या कोंडीत रोज जाणारे तास हाती आले. लातूरची, सावंतवाडीची मुलं पुण्याचा पगार घेत आई-वडिलांजवळ राहिली. भाडं वाचलं, म्हाताऱ्यांची दुखणी वेळेवर कळली. ज्याला व्हीलचेअरवरून लोकल गाठायची असते, त्याच्यासाठी नोकरीचं दारच पहिल्यांदा उघडलं. घरून कामाला नावं ठेवणाऱ्यांनी या माणसांचा विचार आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

बायकांच्या वाट्याला मात्र यातलं काय आलं, ते सरळ सांगता येत नाही. प्रसूतीच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालकाशी ठरवून घरून काम करता येईल अशी तरतूद २०१७च्या दुरुस्तीनेच केली होती. ती बहुतेक कागदावर होती. साथीने ती खरी करून दाखवली. बाळ सांभाळून नोकरी टिकली, ही मोठी गोष्ट. पण घरी असलेली बाई म्हणजे मोकळी बाई, ही समजूत कुठे गेली? मीटिंग सुरू असताना कुकर लावायचा, दाराची बेल वाजली की उठायचं तिनेच. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी २०१९मध्ये केली आणि पुन्हा २०२४मध्ये. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला जाणारा वेळ २९९ मिनिटांवरून २८९वर आला, पुरुषांचा ९७वरून ८८वर. या पाहण्या साऱ्या देशाच्या आहेत, फक्त घरून काम करणाऱ्यांच्या नव्हेत. तरीही दोन्हींच्या मध्ये, लाखो पुरुष महिनोन् महिने घरात होते, ते वर्ष येतं. एवढ्या मोठ्या बदलानंतर पुरुषांचा आकडा वाढायला हवा होता. तो कमी झालेला पाहून मला वाईट वाटतं.

नव्याने लागलेल्यांचं नुकसान वेगळं. शेजारच्या खुर्चीवरचा अनुभवी माणूस अडचणीतून वाट कशी काढतो, हे नुसतं बघून शिकायचं असतं. ते त्यांना मिळालं नाही. हिंजवडीतल्या खानावळी, चहाच्या टपऱ्या आणि पीजी चालवणाऱ्यांनी काय सोसलं, त्याची दखल कुठल्याच कंपनीच्या अहवालात नाही.

या सगळ्यात सोलापूर आठवतं. तिथल्या विडी कामगार बायका कित्येक पिढ्या घरून काम करत आल्या आहेत. कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायचा, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. त्यांची जागा त्यांची, दिवा त्यांचा, तंबाखूची धूळ त्यांच्या मुलांच्या नाकात. पण १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. त्या ओळखीच्या जोरावर संघटनांनी भविष्य निधी आणि किमान वेतनासाठी लढे दिले, अजून देत आहेत. चकचकीत टॉवरमधून घरी आलेल्या इंजिनिअरला अशी ओळख कुणी दिली नाही. वीज, इंटरनेट, पाठीला आधार देणारी खुर्ची यांचा खर्च कुणाचा, हे कंपनीच्या मर्जीवर राहिलं. आणि काम संपायची वेळ तर कुणीच ठरवली नाही.

मला खरी खंत याच गोष्टीची आहे. ऑफिस पुन्हा भरलं, पण घरात शिरलेलं काम बाहेर गेलं नाही. दिवसभर हिंजवडीत बसून आलेला माणूस रात्री दहाला अमेरिकेच्या कॉलसाठी पुन्हा लॅपटॉप उघडतो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी साथीच्याही आधी, २०१८च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं होतं. २०२५मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७पासून लागू आहे. आपल्याकडे आठवड्यातून किती दिवस ऑफिसात यायचं यावर एवढी वर्षं वाद झाले. आता रात्रीच्या त्या कॉलवर व्हायला हवेत, आणि ते कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी सुरू करावेत.