वापरलेला शालू आणि नवरीचं नशीब: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यात एखाद्या बाईनं वापरलेले डिझायनर लेहेंगे, शालू, पैठण्या विकायचं बुटीक काढायचं ठरवलं, की भांडवल, जागा, भाडं हे प्रश्न मागाहून येतात. आधी येतं ते एकच वाक्य: "लग्नाचं कापड कोरंच पाहिजे. दुसरीच्या अंगावरचं उतरलेलं घातलं तर अपशकुन होतो." बस्ता बांधायला आलेली आजी हे म्हणते, पदवीधर भाऊही म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. तो संपू देऊ नये. काही तास अंगावर राहणाऱ्या पोशाखासाठी घरं कर्ज काढतात, त्यामागे ही समजूतही असते. म्हणून आधी तिचाच नीट हिशेब करू. बाकीचे गैरसमज त्यामानाने किरकोळ आहेत.

गैरसमज: दुसरीचं वस्त्र घातलं की तिचं नशीबही लागतं

या समजुतीत खरं किती, ते आधी पाहू. लग्नविधीत नवं वस्त्र असावं ही कल्पना जुनी आहे. वरानं वधूला कोरं वस्त्र नेसवावं, असं गोभिल गृह्यसूत्रात सांगितलं आहे. पण हा नियम विधीच्या वस्त्रापुरता आहे. आपल्याकडे अनेक घरांत ती जागा मामाकडून येणारी पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री भरून काढते. ती साधी असते, परवडणारी असते. ती नवीच घ्यावी. त्याला कुणाचीच हरकत नाही. स्वागत समारंभातला जड लेहेंगा, संगीताचा घागरा, फोटोसाठीचा गाऊन यांचा मात्र विधीशी काही संबंध नाही. पिवळ्या साडीचा नियम त्यांना लावायचा कशासाठी?

धर्मग्रंथाचाच आधार हवा असेल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ८५ वं सूक्त पाहावं. विवाहविधीत आजही म्हटले जाणारे अनेक मंत्र त्यातलेच आहेत. वधूचं वस्त्र घरात जपून ठेवा, असं हे सूक्त सांगत नाही. सूर्येच्या विवाहाचं हे सूक्त जाणणाऱ्या विद्वानाचा त्या वस्त्रावर अधिकार आहे, असं ते सांगतं. त्या वस्त्राविषयी भीतीचे शब्दही तिथे आहेत, ते झाकायचं कारण नाही. पण भीती असूनही वस्त्र दुसऱ्याच्या हाती जात होतं, हेही त्याच सूक्तात आहे.

बीडमध्ये मुस्लिम कुटुंबांची वस्तीही मोठी आहे, आणि ही धास्ती त्यांच्यातल्या काही घरांतही ऐकू येते. त्यांनी सहीह बुखारीतली एक नोंद जरूर पाहावी. हजरत आयेशा यांच्याकडे एक वस्त्र होतं, आणि मदिनेतल्या स्त्रिया नटायच्या वेळी ते त्यांच्याकडून मागून नेत, असं त्यात आहे. ज्या प्रकरणात ही नोंद येते, त्याचं शीर्षकच नववधूसाठी वस्तू उसनी घेण्याविषयीचं आहे.

आता त्याच मांडवातल्या नवरदेवाकडे पाहा. शेरवानी, फेटा, मोजडी, गळ्यातली मोत्यांची माळ, बहुतेक वेळा सगळं भाड्यानं आणलेलं. ती शेरवानी त्याच हंगामात आणखी कितीतरी नवरदेवांनी घातलेली असते. त्यांच्यापैकी कुणाचा संसार कसा चालला आहे, याची चौकशी कुणी करत नाही. नवरीच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये येणारा दागिन्यांचा सेटही बहुधा भाड्याचाच असतो. कापड आणि दागिने नशीब वाहून नेत असते, तर ते शेरवानीतूनही आलं असतं. तिथे भीती नाही आणि लेहेंग्यापाशी आहे, म्हणजे तिचा कापडाशी संबंध नाही.

मग ती कशाची आहे? थोडं खोदून विचारलं की उत्तर येतं: "ती पहिली बाई विधवा झाली असली तर? तिला नवऱ्यानं टाकलं असलं तर?" या उत्तराचा मला संताप येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. नवरा गेला हा त्या बाईवर कोसळलेला घाव आहे. तिच्या अंगातून कापडात उतरणारा तो दोष नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं चुकीचं आहे असं आपण ग्रामसभेत हात वर करून म्हणायचं, आणि तिच्या लेहेंग्याला हात लावायला मात्र घाबरायचं, हे एकत्र चालणार नाही. शेतकरी आत्महत्यांनी कितीतरी तरुण बायका एकट्या पाडलेल्या या जिल्ह्यात तर मुळीच चालू नये.

शिवाय वस्त्र पुन्हा वापरणं आपल्याला परकं नाही. आजीचा शालू नातीनं नेसला की सगळं घर कौतुक करतं. अभिनेत्री यामी गौतमनं २०२१ मध्ये स्वतःच्या लग्नात आईची साडी नेसली, तेव्हा त्याच कौतुकाचे फोटो आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. आजीनं किंवा आईनं आयुष्यात सुखच पाहिलं असेल अशी हमी तेव्हा कुणी मागत नाही. ओळखीच्या बाईचं वस्त्र शुभ आणि अनोळखी बाईचं अशुभ, याला शास्त्र म्हणत नाहीत.

या समजुतीची किंमतही पाहा. बीडमधून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्यांचा हंगाम संपल्यावर ती परततात, आणि त्यांच्या घरची लग्नं बरीचशी उन्हाळ्यात होतात. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतला मोठा वाटा लग्नात जातो, आणि ती उचल पुढच्या हंगामात नवरा-बायकोनं कोयता चालवून फेडायची असते. लग्नात मुलीनं छान दिसावं ही इच्छा पूर्ण रास्त आहे. त्यासाठी फडात जास्तीचे दिवस राबायला लागणं रास्त नाही. चांगल्या अवस्थेतला लेहेंगा कमी किमतीत मिळत असेल, तर अपशकुनाच्या नावाखाली तो नाकारायला लावणं हे त्या कुटुंबाचं नुकसान आहे.

गैरसमज: वापरलेल्या कपड्यांतून रोग येतात

खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर साधारण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेची ही माहिती आहे. डोक्यातल्या उवा तर त्याआधीच मरतात. आलेला कपडा आठवडाभर बांधून वेगळा ठेवायचा आणि मग ड्रायक्लीन करायचा, एवढी शिस्त पुरते. दुकानातला नवा लेहेंगाही आपल्याआधी अनेकींनी अंगाला लावून पाहिलेला असतो, हेही विसरू नये.

गैरसमज: ड्रायक्लीन केलं की माल तयार

इथे मात्र दुकानदारीणच फसते. काखेतले घामाचे जुने डाग, अत्तराने काळवंडलेली जर, घडीवर चिरलेलं रेशीम हे ड्रायक्लीननं परत येत नाही. ते विकत घेतानाच उजेडात पाहावं लागतं. अस्सल जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते; अत्तरानेही जर काळवंडते, म्हणून जरीवर सेंट मारू नये. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी. जड लेहेंगा हँगरला लटकवला की स्वतःच्या वजनानं ओघळतो. तो आडवाच ठेवायचा.

गैरसमज: जुन्या पैठणीला फक्त जरीचा भाव

जुनी जर घेणारे दारावर येतात, साडी जाळून चांदी काढतात आणि वजनाचे पैसे देतात. बोहारीण स्टीलचं भांडं देते. दोघांकडेही हातमागाच्या कामाची किंमत शून्य धरली जाते. पैठण गोदावरीच्या पलीकडे, गेवराईहून फार लांब नाही, तरी बीडच्या घरांतून पैठण्या अशाच जातात. हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून पाहावा: नक्षी मागूनही पुढच्यासारखीच नीट दिसते, धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या नकलेत मागे मोकळे धागे दिसतात. रेशीम खरं की नाही हे कडेचा एक धागा जाळला की कळतं: केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे रेशीम, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर.

गैरसमज: नावाजलेल्या डिझायनरचा कपडा पुन्हा विकणं बेकायदा आहे

नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३० नुसार, कायदेशीरपणे विकत घेतलेली अस्सल वस्तू पुढे विकता येते. मात्र मूळ मालात मोठा बदल करून तो त्याच नावानं विकला, तर डिझायनर हरकत घेऊ शकतो. बेकायदा आहे ती बाजारात सर्रास मिळणारी 'फर्स्ट कॉपी'. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे नुसत्या लेबलावर भरवसा ठेवू नये. मूळ बिल मागावं. बिल नसेल तर डिझायनरचं नाव न लावता, कपडा म्हणूनच विकावा.

गैरसमज: लेहेंगा विकायला सासरची परवानगी लागते

लग्नात मुलीला मिळालेले कपडे-दागिने हे तिचं स्त्रीधन. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीधनावर पत्नीचा संपूर्ण हक्क असल्याचं स्पष्ट केलं आहे. ती विकू शकते, आणि पैसे तिच्याच खात्यात जायला हवेत.

गैरसमज: जीएसटीत सगळा नफा जातो

महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच होत असेल, तर माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. नोंदणी केल्यावरही वापरलेल्या मालाला वेगळा नियम आहे: सीजीएसटी नियम ३२(५). खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल आणि कपड्याचं मूळ रूप बदललं नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. लेहेंगा १२ हजारांना घेतला आणि १८ हजारांना विकला, तर कर ६ हजारांवर. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांचा दर १८ टक्के आहे; म्हणजे कर १,०८० रुपये. पूर्ण किमतीवर तो ३,२४० झाला असता. खरेदीची पावती नसेल तर हा फरक दाखवता येत नाही. म्हणून कपडा देणाऱ्या प्रत्येक बाईची सही असलेली पावती ठेवलीच पाहिजे.

गैरसमज: परवान्यांसाठी खेटे घालावे लागतात

वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार नोंदणी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी मोफत होते. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि ते दुकानदारीलाही लागू आहे.

गैरसमज: मापाचं कधीच जमणार नाही

साडीला माप नसतं. लेहेंग्याची कंबर बहुधा नाडीवर सैल-घट्ट होते, आणि चांगल्या चोळीच्या शिवणीत माया सोडलेली असते. माया नसलेली चोळी घेऊच नये. हाताशी एक चांगला शिंपी मात्र हवाच.

गैरसमज: असलं कुणी घेणार नाही

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात नासर तूता यांनी २०२० मध्ये वापरलेल्या लग्नाच्या पोशाखांची 'ड्रेस बँक' सुरू केली. लोकांनी ठिकठिकाणाहून पोशाख पाठवले आणि नवऱ्या मुलींनी ते घालून लग्नं केली. ते फुकट देतात, बुटीक विकणार आहे. पण नवरी वापरलेला पोशाख आनंदानं घालते, एवढं तिथे सिद्ध झालं आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमच्या काही दुकानांत दान आलेले लग्नाचे पोशाख विकले जातात. गावात कपडा ओळखू येईल ही धास्ती असेल, तर उपाय सोपा आहे: पुण्या-मुंबईहून आणि छत्रपती संभाजीनगरहून आलेला माल बीडला विकावा, बीडचा माल तिकडे पाठवावा.

एक मोह मात्र टाळायचाच. अपशकुनाची चर्चा नको म्हणून वापरलेला कपडा नवा म्हणून खपवायचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जुना माल नवा भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तक्रार झाली तर ग्राहक आयोगासमोर उभं राहावं लागतं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे, लपवलं की त्या समजुतीला आपणच मान्यता देतो. म्हणून किमतीच्या चिठ्ठीवर 'वापरलेला' हा शब्द ठळक असावा, कुठे रफू आहे तेही लिहावं, आणि अपशकुनाचा प्रश्न आला की गिऱ्हाईक जाईल या भीतीनं गप्प न बसता उत्तर द्यावं. त्या दिवशी एक लेहेंगा कमी विकला जाईल. पण ते उत्तर ऐकून घरी गेलेल्या आजीनं पुढच्या बस्त्याच्या वेळी "बघू तर खरं" एवढं जरी म्हटलं, तरी एखाद्या लेकीच्या लग्नापायी घ्यावी लागणारी उचल कमी होईल, आणि एखाद्या एकट्या पडलेल्या बाईला तिच्या हक्काच्या वस्त्राचे रास्त पैसे मिळतील.