हात कुठे वळतो?

पेणच्या गणपती कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी होतात. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, घासली जाते, अंगाचा रंग चढतो, पितांबर आणि दागिने होतात, आणि मग आखणीवाला मांडी घालून बसतो. भुवईची रेघ एका दमात यावी लागते. हात थांबला की रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ जोडलेली लगेच कळते.

गेल्या जूनमध्ये नववीतल्या नऊ मुलांना घेऊन मी हमरापूरच्या एका कारखान्यात गेलो होतो. मालकांनी हात-कान मोडलेल्या, बाजूला काढलेल्या मूर्ती मुलांपुढे ठेवल्या आणि म्हणाले, "काढा डोळे." एका मुलीनं अर्धा तास मान वर केली नाही. वर्गात पहिला येणारा मुलगा पाचव्या मिनिटाला ब्रश ठेवून मालकांच्या मागे लागला: एका हंगामात किती मूर्ती जातात, ट्रकचं भाडं कोण देतं, उधारी बुडाली तर काय करता? तिसऱ्याला डोळ्यांचं काही पडलं नव्हतं, तो काँप्रेसरची नळी कुठून गळते ते शोधत बसला होता. परतताना एसटीत मी विचारलं, "आज स्वतःबद्दल काय कळलं?" मुलं गप्प. असा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलाच नव्हता. त्यांना विचारलं जातं ते एकच, सायन्स की कॉमर्स?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे टक्केवारी देते. पंच्याऐंशीच्या वर गेलात की सायन्स, खाली राहिलात की कॉमर्स, आणखी खाली आर्ट्‌स, आणि काहीच जमलं नाही तर आयटीआय. उत्तम वेल्डर होऊ शकणारा मुलगा या उतरंडीत तळाला ढकलला जातो, आणि त्याच्या मनात कायमचं बसतं की आपण उरलेल्यांपैकी आहोत. मला याचा मनापासून राग येतो. डोलवीचा पोलाद कारखाना पेणच्या दारात आहे, धाटावची रासायनिक वसाहत रोह्याच्या दारात, आणि तरी आपण कुशल हाताला कमी लेखतो.

व्यवसाय मार्गदर्शनाचं शास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी 1908 साली कामधंदा शोधणाऱ्या तरुणांसाठी सल्ला केंद्र काढलं. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1909 मध्ये आलं. त्यांची मांडणी साधी होती: आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामांची माहिती घ्या, आणि मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. आपण मधल्या पायरीवरच सगळा जोर लावतो. कोणत्या कोर्सला किती फी, कुठे किती पगार, याची माहितीपत्रकं ढिगानं मिळतात. पहिली पायरी कोऱ्या कागदासारखी राहते.

महाराष्ट्रात ती भरण्याचे प्रयत्न झाले. 2016 मध्ये शिक्षण विभागानं दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल ती सांगायची. हेतू चांगला होता. पण ज्या मुलानं गणवेशधारी माणूस फक्त सिनेमात पाहिला आहे, त्याचा कल सिनेमाकडेच जातो. चाचणी आवड मोजते, आणि आवड अनुभवातून तयार होते. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थनं डॉ. आनंद नाडकर्णींच्या पुढाकारानं सुरू केलेला 'वेध' म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तिथे वेगळ्या वाटेनं गेलेली माणसं मंचावर येऊन आपला प्रवास सांगतात, चुकांसकट. हा उपक्रम ठाण्याबाहेर अनेक गावांत पोचला, पेणलाही आला. मूल समोर जिता माणूस पाहतं, तेव्हा त्याला स्वतःला मोजायला काहीतरी मिळतं.

आणि जित्या माणसांची उणीव पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना कधीच नव्हती. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 ला विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, जन्मले. चारच महिन्यांनी, 14 जानेवारी 1896 ला, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुखांचा जन्म झाला. त्यांचं लहानपण रोह्यात गेलं. एकाच जिल्ह्यातली, एकाच वयाची ही दोन हुशार मुलं.

विनोबा 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रं घरच्या चुलीत घातली होती. परत फिरायची वाट त्यांनी स्वतःच बंद केली. ही गोष्ट मुलांना सांगताना मी फार जपून सांगतो, कारण चूल दिसते आणि त्यामागची वर्षं दिसत नाहीत. गणिताची ओढ, ब्रह्मजिज्ञासा, घरातलं आईचं भक्तीचं वळण, हे सगळं आधी कितीतरी वर्षं मुरलेलं होतं.

चिंतामणरावांचं उलट. ते 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकले आणि 1918 च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे देशाचे अर्थमंत्री. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर देशाच्या चलनाचा कारभार पाहतो, आणि तोच 'मेघदूता'चा मराठीत अनुवाद करतो! आजच्या कुठल्या टक्केवारीच्या तक्त्यात हा माणूस बसला असता? अकरावीची शाखा म्हणजे आयुष्याचा निकाल, या समजुतीनं जी मुलं जून महिन्यात रडतात, त्यांना मी चिंतामणरावांची गोष्ट सांगतो. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्या फाटकातून रोज जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट माहीत असायला हवी.

मी मुलांना एक काम देतो. तीन आठवडे वही ठेवायची. रोज रात्री दोनच ओळी: आज न सांगता काय केलं, आणि कशात वेळेचं भान राहिलं नाही. रोह्याच्या एका मुलीला घरच्यांनी डॉक्टर ठरवूनच टाकलं होतं. तिच्या वहीत आजीच्या औषधांच्या वेळा, रिपोर्टांची फाईल, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असं पानोपानी होतं, आणि एका पानावर: "आजीचं रक्त घेताना मी बाहेर गेले." वही वाचून तिची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिला माणसांची काळजी घ्यायला आवडतं, सुईची भीती वाटते. आम्ही एवढंच पाहिलं की मार्क चांगले आहेत." मुलगी आता अकरावीत आहे. औषधनिर्माण, समुपदेशन, रुग्णालय व्यवस्थापन, तिन्हींचीही चौकशी चालू आहे. घाई नाही.

स्वतःला ओळखून भागत नाही, हेही खरं. पेणच्या ज्या घरात तीन पिढ्यांचा कारखाना आहे, तिथल्या मुलाचं करिअर जन्माआधीच ठरलेलं असतं. प्लास्टर ऑफ पॅरिसवरच्या निर्बंधांमुळे त्या धंद्याचीच घडी आता हलली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना आणि त्यानंतरची कोर्टकचेरी प्रत्येक कारखानदाराला पाठ आहे. त्या मुलाला धंदा आवडतो की फक्त सोडवत नाही, हे त्याला वेगळं करता यायला हवं. आणि दोन्ही तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर तर हा लेखच अपुरा पडतो. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीला निघाले की मूलही बरोबर जातं आणि शाळा सुटते. निवड करायला आधी दहावीपर्यंत पोचावं लागतं. त्या वाडीतल्या मुलाला झाडांची, माशांची, पावसाच्या खुणांची जी जाण असते तिला आपल्या कुठल्याच चाचणीत रकाना नाही. वन विभाग आणि कोलाडच्या कुंडलिकेवर राफ्टिंग चालवणारे यांनी या जाणकारीची कदर करायला हवी.

दिवाळीची सुट्टी लागली आहे. दिव्याहून निघणारी गाडी पेण, नागोठणे करत रोह्याला येते. घरात नववी-दहावीचं मूल असेल तर तिच्यात बसवा. एक दिवस मूर्तीचा कारखाना, एक दिवस ओळखीतल्या कुणाची धाटावची प्रयोगशाळा, एक दिवस एखाद्या वकिलाचं ऑफिस नाहीतर दवाखाना. आधी फोन करून विचारा. मी आजवर विचारलं तिथे बहुतेकांनी या म्हटलं. मुलाच्या हातात वही द्या आणि रात्री त्यानं लिहिलेल्या दोन ओळी वाचताना मधे बोलू नका.