तान्ह्या बाळाची रात्र

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख असावा, असा आपल्याकडील रिवाज आहे. यंदाचा विषय वरकरणी लहान वाटेल : तान्ह्या बाळाचे रात्रीचे जागणे. परंतु रात्रपाळीच्या सेवकवर्गाला तो चांगलाच परिचित आहे. माण-खटावच्या एखाद्या वाडीवरून मध्यरात्री बाळाला मोटारसायकलवर घेऊन मंडळी येतात. डॉक्टर तपासतात. ताप नाही, दूध व्यवस्थित पिते, वजन वाढते आहे. मग आजी म्हणतात, "निदान झोपेचे औषध तरी द्या!" ते का दिले जात नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बाळ का जागते?

नवजात बालक दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते. परंतु सलग नव्हे, दोन-चार तासांच्या तुकड्यांत. पोट लहान असल्याने भूक वारंवार लागते. दिवस-रात्रीचा भेद जाणणारे शरीरातील घड्याळ दोन ते चार महिन्यांत हळूहळू स्थिरावते. शिवाय झोपेचे एक आवर्तन मोठ्यांत सुमारे ९० मिनिटांचे, तर तान्ह्या बाळात ५० मिनिटांच्या आसपास असते. आवर्तन संपताना झोप चाळवते. आपण कूस बदलून पुन्हा निजतो. बाळाला मात्र ज्या झोक्यात वा मांडीवर झोप लागली, तोच आधार पुन्हा हवा असतो.

एक जुना धडा

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या बाळांना अफूची 'बाळगोळी' देत. ही प्रथा सर्रास असल्याची नोंद तत्कालीन सरकारी पाहणीत झाली. गिरणगावात आपल्या सातारा भागातीलही अनेक कुटुंबे होती. त्या माता निर्दय नव्हत्या. दिवसभर कामावर जाणे भाग होते आणि बाळ सांभाळायला कोणी नव्हते. पुढे १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. औषध मागितले जाते बाळासाठी. खरी गरज असते आईच्या विश्रांतीची, हाच यातील बोध.

म्हणूनच जायफळ उगाळून चाटवणे किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे औषध देणे कटाक्षाने टाळावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

काय करावे?

दिवसा उजेड व घरातील नेहमीची वर्दळ असू द्यावी. रात्री दिवा मंद ठेवावा, बोलणे कमी करावे, दूध पाजून बाळाला लगेच ठेवावे. तीन-चार महिन्यांनंतर अंग पुसणे, दूध, अंगाई हा क्रम रोज एकाच वेळी पाळावा आणि बाळ पेंगुळले असताना, पूर्ण झोपण्याआधी, अंथरुणावर ठेवावे. कुरकुर ऐकताच उचलू नये. क्षणभर थांबून थोपटावे. भुकेल्या बाळाला मात्र पाजलेच पाहिजे. सहा महिन्यांनंतर अनेक बाळांचे रात्रीचे पाजणे आपोआप कमी होते. तेथे घाई नको.

निजवताना बाळ उताणे असावे, अंथरूण सपाट व घट्ट असावे, उशी नसावी. अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली. पुढील काही वर्षांत तेथील झोपेतील आकस्मिक बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

रुग्णालयात केव्हा यावे?

बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग तापलेले वा गार असेल, श्वास जोरात चालून पोट उडत असेल, झटके येत असतील किंवा रडणे थांबतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

घराचा वाटा

आपल्या भागातील कित्येक घरांत बाळाचे वडील गलाईच्या व्यवसायानिमित्त परप्रांतात असतात आणि रात्रीचा सारा भार एकट्या आईवर पडतो. पाजणे तिने करावे. त्यानंतर खांद्यावर घेणे, दुपटे बदलणे, थोपटणे हे आजी, आजोबा, आत्या कोणीही करू शकते. दुपारी बाळ निजले की आईलाही निजू द्यावे. ती सतत उदास राहत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष न करता डॉक्टरांचा किंवा गावातील आशा कार्यकर्तीचा सल्ला घ्यावा.

बाळाची झोप विकत मिळत नाही. ती घराने धीर धरून लावायची सवय आहे. हा धीर प्रत्येक घराने दाखवावा, ही नम्र विनंती.